दगडातली पोकळी

देशावर विहीर खणली की तिची कड नीट न्याहाळावी. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा कातळ. तिन्ही मुळात एकच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून उसळलेला लाव्हा थिजून हा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, झाला; पावसापाण्याने तो कुजत गेला, त्याचा मुरूम झाला, मुरुमाची माती झाली. कोकणातल्या धुवाधार पावसात त्याच कातळाचा तांबडा जांभा झाला.

चंद्रावरचे काळसर डागही बेसॉल्टचेच, बहुतेक तीन अब्ज वर्षांहून जुने. पायरॉक्सिन, प्लॅजिओक्लेज ही मुख्य खनिजे तीच. पण तिथे मुरूम नाही, जांभा नाही. उल्कांच्या माऱ्याने दगडाचा चुरा होतो आणि चुराच राहतो.

असे का, हे दगडातल्या पोकळ्या सांगतात. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांना चंद्रावर गाडीवरून जाताना एक सच्छिद्र दगड दिसला. थांबायला वेळ नव्हता, म्हणून सीटबेल्ट नीट करण्याच्या सबबीवर त्यांनी गाडी थांबवली आणि दगड उचलला. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे त्यात तसेच गोठले आहेत, आणि ते रिकामे आहेत. एवढ्या काळात आत काही शिरलेच नाही. आपल्या कातळातही असेच बुडबुडे होते. त्यांत पाणी झिरपले, त्यात विरघळलेली द्रव्ये साचली आणि स्टिल्बाइटसारखे स्फटिक वाढले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत तर कॅव्हान्साइटचे निळेभोर झुबके मिळाले. पृथ्वी आणि चंद्र यांच्यातला मोठा फरक या बोटभर पोकळीत उघड दिसतो, असे मला वाटते.

चुनखडक, वाळूचा खडक चंद्रावर नाहीत. ग्रॅनाइटचे जेमतेम कण सापडतात. खडकांची ही श्रीमंती आपल्याला बऱ्याच अंशी पाण्याने दिली. पण त्याच पाण्याने आपले जुने दप्तर पुसूनही टाकले. वयाची खात्री देता येईल असे पृथ्वीवरचे सर्वांत जुने खडक सुमारे ४ अब्ज वर्षांचे. चंद्रावरच्या उजळ उंचवट्यांतल्या अनॉर्थोसाइटचे काही नमुने ४.४ अब्जांच्या आसपास जातात. वितळलेल्या चंद्राच्या पृष्ठावर हलके प्लॅजिओक्लेज तरंगत वर आले आणि त्याचे पहिले कवच झाले, असे मानतात. २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलेल्या चंद्रयान ३ च्या प्रज्ञान या बग्गीने तपासलेली धूळ याच खडकाशी जुळली. म्हणून चंद्राच्या दगडांना कुणी मृत म्हटले की मला ते पटत नाही. पृथ्वीच्या बाळपणीचा काळ पाहिलेले साक्षीदार तिथेच उरले आहेत.

लोणारच्या विवराचे मोल मला वाटते तेही चंद्राशी असलेल्या साम्यामुळेच. उल्केने बेसॉल्टवर खोदलेले विवर पृथ्वीवर विरळा, चंद्रावर मात्र अशा विवरांची गर्दी. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या या खळग्याच्या काठावर उधळलेले कातळ कसे पसरले, हे चालत जाऊन पाहता येते. ओढ्यांनी कडा चिरायला केव्हाच सुरुवात केली आहे. पाणी आपले काम करीतच राहणार. निदान आपण तिथे खोदकाम आणि बांधकाम करून त्याला हातभार लावू नये.