बंदुकीचं वजन

काजूच्या बिया मोजायला आमच्याकडे एक इलेक्ट्रॉनिक काटा आहे. व्यापाऱ्याच्या काट्यावरचा विश्वास उडाला तेव्हा घेतलेला. तीन वर्षांमागे एका सकाळी मी त्या काट्यावर बंदूक ठेवली. बायको पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "आज हिचो भाव काय लागलो?"

तीन किलो दोनशे ग्रॅम भरली. मी ती 1994 साली विकत घेतली तेव्हा कोणी वजन केलं नव्हतं, पण लोखंड आणि लाकूड काही वाढत नाही. तरी गेले पंधरा दिवस मी भेटेल त्याला सांगत होतो की बंदूक जड झाली. ऐकणारे माना डोलवत होते. माझ्या वयाच्या माणसाला असं बोलताना कोणी अडवत नाही, हीच पंचाईत.

शहरातल्या वाचकाला आधी थोडं सांगायला हवं. सिंधुदुर्गात शेतकऱ्याच्या घरात बंदूक असणं ही नवलाई नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना असतो, घरात कुलपात बंदूक असते, आणि दसऱ्याला कोयती, कुऱ्हाड, नांगराच्या फाळाबरोबर तिलाही झेंडूचं फूल मिळतं. वडिलांची ठासणीची होती. नळीत काळी दारू ओतायची, गजाने ठासायची, छर्रे घालायचे, टोपी बसवायची. एवढं होईतो जनावर सावकाश घरी जायचं. वडील गेले, परवाना माझ्या नावावर झाला, आणि काही वर्षांनी मी काडतुसाची एकनळी घेतली, बारा बोअरची. परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नव्हे. 1972च्या वन्यजीव कायद्याखाली रानडुकरालाही असं उठून मारता येत नाही, वनखात्याची लेखी परवानगी लागते. तीस वर्षांत माझ्या बंदुकीने जास्त करून आभाळातच बार काढले. आवाज झाला की कळप पळतो, चार रात्री येत नाही, पाचव्या रात्री येतो.

2022च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. भात लोंबीला आलं होतं. एक मोठा डुकर रोज रात्री उतरायचा आणि खायचा थोडं, लोळून निजवायचा जास्त. चार कुणग्यांपैकी दीड कुणगा सपाट झाला होता. त्या वर्षी परवानगीचा कागद माझ्या हातात होता. मांगराच्या दारात बसून राहिलो. चांदणं होतं. दोनच्या सुमाराला तो आला, पंचवीस पावलांवर थांबला, आडवा. यापेक्षा सोपा बार आयुष्यात मिळाला नसेल.

बंदूक उचलली, खांद्याला लावली, आणि तो जरा पुढे सरकेल म्हणून थांबलो. तेवढ्या थांबण्यात डावा हात खाली आला. फार नाही, दोन बोटं. मला कळलं तो खाली येतोय. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहितोय. कळलं, आणि तरी बोट ओढलं. कारण खाली ठेवून परत उचलायला गेलो असतो तर परत उचलता येईल की नाही याची खात्री नव्हती.

बार मागच्या पायांकडे पोटात बसला. तो ओरडला आणि जाळीत घुसला.

जखमी डुकर म्हणजे काय ते गावात कोणाला समजवावं लागत नाही. सकाळी वनरक्षकाला कळवलं, आणि घरोघर जाऊन सांगितलं की वरच्या अंगाला कोणी जाऊ नका. ते दिवस गवत कापणीचे. बायका पहाटे कोयती घेऊन त्याच अंगाला जातात. दोन दिवस कोणी गेलं नाही. शेजारची वहिनी, जिच्याकडे दोन गाई आणि घरात करता माणूस नाही, दोन्ही दिवस सकाळी आमच्या खळ्यात येऊन उभी राहिली. "भावोजी, आज जाव काय गवताक?" रागाने नाही, साधं विचारायची. मी नको म्हणायचो आणि माझ्याकडचा एक भारा तिच्या गोठ्यात टाकून यायचो.

तिसऱ्या दिवशी व्हाळाच्या कडेला सापडला. चिखल उकरून त्यात पोट टेकून बसला होता, गार वाटावं म्हणून. जिवंत होता. वनरक्षक सोबत होता. पाच पावलांवरून मी दुसरा बार काढला. त्या वेळी हात हलला नाही. पंचनामा झाला, खड्डा खणून पुरला. घरी आलो, आंघोळ केली, आणि मुलगा डोंबिवलीहून फोनवर विचारत होता काय झालं, तर म्हटलं, "बंदूक जड झाली रे."

"मग हलकी बघूया ना बाबा एखादी," तो म्हणाला.

बोलला त्यात चूक काही नव्हती. पन्नाशीपासून मी एकेक वस्तू हलकीच करत आलो आहे. वडिलांची कुदळ मुलाच्या उंचीची होती, ती बाजूला ठेवून लहान पात्याची केली. हाताने दांडा मारायचा फवारणी पंप गेला, बॅटरीचा आला. बैल गेले, पॉवर टिलर आला, तोही आता मी चालवत नाही, भाड्याने माणसासकट आणतो. नारळाला चढणं पंचावन्नला सोडलं. यातल्या एकाचीही लाज वाटली नाही. मग बंदुकीशीच एवढं अडायचं कशाला?

आमचे एक निवृत्त गुरुजी आहेत, संध्याकाळी पारावर असतात. त्यांनी तर मला कोंडीतच धरलं. म्हणाले, "चष्मा घेतलास तेव्हा डोळ्यांची परीक्षा घेत बसलास? मोतीबिंदू काढलास. मग हातासाठी सोय केली तर कुठे पाप आहे?" मला तिथे उत्तर सुचलं नाही. मला उत्तर साधारण आठ दिवसांनी सुचतं.

तोवर मी कोल्हापूरला जाऊन आलो. एका बहिणीकडे काम होतं, त्यात बंदुकीचं दुकानही पाहिलं. दुकानदाराने एक जुनी एकनळी हातात दिली, वीस बोअरची, वजनाने अडीच किलोच्या आत. खोटं कशाला बोलू, खांद्याला लावली आणि मी तीस वर्षांचा झालो. हात वर गेला तो गेलाच. मी तिथेच मनात किंमत करायला लागलो, परवान्यावर बदल करून घ्यायला किती चकरा पडतील त्याही मोजल्या.

दुकानात एक म्हातारे कारागीर बसले होते, दस्ते दुरुस्त करणारे. त्यांनी विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, डुकरांसाठी. त्यांनी मग जे सांगितलं ते माझ्यासारख्या तीस वर्षं बंदूक वापरलेल्याला माहीत असायला हवं होतं, पण मी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

बोअरचा आकडा म्हणजे काय, तर एक पौंड शिशाचे सारख्या मापाचे बारा गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. वीस गोळे केले तर वीस बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. नळी बारीक तर काडतूस लहान, काडतूस लहान तर छर्रे कमी. बारा बोअरने पस्तीस पावलांवर जे होईल त्यासाठी हिने आणखी जवळ जायला लागणार. बरं, बारा बोअरचीच हलकी घ्यावी, तर काडतूस तेच आणि बंदूक हलकी म्हणजे धक्का खांद्यावर जास्त. बंदुकीचं वजन अर्धा धक्का पिऊन टाकत असतं. आणि तिसरी गोष्ट, हलकी नळी पटकन उठते तशी पटकन हलतेसुद्धा. जड नळी एकदा स्थिर झाली की जरा वेळ स्थिर राहते.

"जवळ जाऊ शकाल?" त्यांनी विचारलं. "रात्रीचं, आवाज न करता?"

माझे गुडघे पायरी चढताना वाजतात. मी चहा घेऊन परत आलो.

याचा अर्थ हलकी बंदूक वाईट असा कोणी घेऊ नये. शेजारच्या गावात एका बाईंच्या नावावर परवाना आहे, चणीने बारीक आहेत, त्यांनी सुरुवातीपासून हलकीच घेतली, तिची पल्ला-मर्यादा त्यांना ठाऊक आहे आणि त्या तिच्या बाहेर बार काढत नाहीत. त्यांच्या हातात ती योग्य आहे. माझ्या हातात आली असती ती वेगळ्या कामासाठी आली असती.

गुरुजींना मी आठ दिवसांनी उत्तर दिलं ते असं. चष्म्याने मला अधिक चांगलं दिसतं. हलक्या बंदुकीने मी अधिक चांगला नेम मारणार नाही, फक्त मला बंदूक उचलता येईल. आणि त्या रात्री उचलायला जमली नाही असं झालं असतं तर बरं झालं असतं. गोंधळ झाला तो ती अर्धवट उचलता आली म्हणून. कोयती हलकी केली आणि चुकली तर माझं बोट जातं. टिलर चुकला तर बांध फुटतो. बंदूक चुकली तर ती चूक दुसऱ्याच्या पोटात बसते, आणि ती घेऊन तो तीन दिवस चिखलात बसून राहतो. वहिनी गवताला गेली असती तर काय, हे मी गुरुजींपुढे बोललो नाही. त्यांनीही नेलं नाही तिथवर.

गुरुजी म्हणाले, "मग ठेव खाली कायमची."

हेही तेवढं सोपं नाही. बंदूक खाली ठेवली म्हणून हात धुतले असं होत नाही. डुकर येणारच आहे. मी नाही मारला तर वाडीतला कोणीतरी तरणा मारेल, माझ्या भातासाठी, आणि मी सकाळी नुसता भात कापीन. आपलं मारणं दुसऱ्याच्या हातून करून घेणं याला मी दया म्हणणार नाही. आणि वारसाला द्यावी तर 2016च्या नियमांत सोय आहे, परवानेवाला सत्तरीचा झाला किंवा पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं की वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. माझी पंचवीस कधीच झाली. पण मुलगा वर्षातून गणपतीला आणि मे महिन्यात येतो. डुकर गणपती बघून येत नाही.

म्हणून मी एक ठरवलं. बंदूक आहे तीच ठेवायची, तीन किलो दोनशे. दर दसऱ्याला पूजेच्या आधी, रिकामी आहे ना दोनदा बघून, समोर माणूस नाही अशा अंगाला तोंड करून ती खांद्याला लावायची, आणि वीस आकडे मोजून होईपर्यंत नळी हलता कामा नये. वीसच का, तर त्या रात्री डुकर सरकायची वाट बघत मी साधारण तेवढाच थांबलो असेन. वीस झाले तर त्या हंगामात वेळ पडल्यास तिला हात लावायचा. नाही झाले तर नाही. मोजायचं काम बायकोचं. मीच मोजलं असतं तर मी अजून वीसला पोचलो नसतो आणि कधी खालीही उतरलो नसतो.

2023ला सव्वीस झाले. पोर परीक्षेत पास झाल्यासारखा दिवसभर हिंडलो. 2024ला एकवीस, आणि तीनच दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली. बंदुका ठाण्यात जमा करा असा निरोप आला. ऐन भात पिकलेलं, आणि तालुक्यातल्या बंदुका चिठ्ठ्या बांधून भिंतीला ओळीने उभ्या. मत कोणाला द्यायचं ते डुकरांना विचारून ठरवायला हवं असं एक जण रांगेत म्हणाला. त्या हंगामात मी डबा, फटाके आणि दोन कुत्री यांवर राखण केली. नुकसान जास्त झालं. झालं नाही असं म्हणून मी माझी बाजू बळकट करणार नाही. सात मण भात कमी आलं. पण त्यातलं किती बंदूक असती तर वाचलं असतं, हे मला सांगता येत नाही.

गेला दसरा 2 ऑक्टोबरला होता. पावसाची एक सर येऊन गेली होती. पाटावर सगळी आयुधं मांडली, झेंडू तोडून आणला, आणि मी बंदूक घेऊन खळ्यात उभा राहिलो. बायको दारात उभी राहून मोजायला लागली. माझं लक्ष नळीच्या टोकाकडे होतं, तरी कानाला कळत होतं की आकडे एकावर एक पडतायत.

"ईस झाले," ती म्हणाली. "ठेवा खाली."

मी खाली ठेवली, श्वास घेतला. तिच्याकडे पाहिलं तर ती रांगोळीकडे बघत होती.

"परत मोज," मी म्हटलं. "घड्याळाबरोबर मोज."

आमचं भिंतीवरचं घड्याळ जुनं आहे, टिकटिक दारात ऐकू येते. तिने परत मोजलं, एकेका ठोक्याला एक. दहापर्यंत मी ठीक होतो. बाराला दंडात कळ आली. चौदाला नळीचं टोक समोरच्या माडाच्या बुंध्यावरून खाली घसरलं.

ती काही बोलली नाही. पुढे येऊन तिने माझ्या हातातून बंदूक घेतली, तिलाही ती जड गेली, पाटावर नेऊन ठेवली, फूल वाहिलं. मग मागच्या दारी गेली आणि राखणीचा तेलाचा रिकामा डबा घेऊन आली, त्याला आतून दोरी बांधलेली, काठी सकट. तोही पाटावर ठेवला, बंदुकीच्या शेजारी, आणि उरलेलं फूल त्याला वाहिलं.