जुनी वही कधी मिटायची

म्हैसूर

चि. मनू हिस,


तुझं पत्र मिळालं. शिरोलीच्या फाउंड्रीत तू रुजू झालीस आणि वर्षाच्या आतच ईआरपी, म्हणजे सगळ्या कारखान्याच्या नोंदी एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवायचं काम तुझ्या गळ्यात पडलं, याचा मला आनंदच झाला. हे काम ज्याच्या वाट्याला येतं त्याला सगळा कारखाना आतून बघायला मिळतो. सॉफ्टवेअर कंपनीची मंडळी रोज येऊन पडद्यावर रंगीत चित्रं दाखवतात, मालकांना एक एप्रिलला सगळं सुरू झालेलं हवंय आणि स्टोअरमधले काका संगणकाच्या खुर्चीवर बसायलाही तयार नाहीत, असं तू लिहिलंस. शेवटी विचारलंस, ‘आत्या, या माणसांची मानसिकता कशी बदलायची?’

मानसिकतेचं राहू दे. तू आधी त्या काकांची वही बघ. दोन दिवस स्टोअरमध्ये स्टूल टाकून बस आणि काही न सुचवता नुसती बघत राहा. रॅकला लटकवलेलं एकेक बिनकार्ड हातात घे. तारीख, आवक, जावक, शिल्लक, सही, एवढे रकाने छापलेले असतात. पण खरी माहिती बऱ्याचदा समासात असते. तिथे पेन्सिलीनं लिहिलेलं दिसेल, ‘रात्रपाळीला चार दिले, स्लिप उद्या.’ पडदा दाखवणाऱ्या मंडळींना हा गलथानपणा वाटेल. त्यांच्या नव्या पद्धतीत मंजुरीशिवाय एक नटही बाहेर जाणार नाही. पण रात्री दोन वाजता मोल्डिंग मशीन बंद पडलं आणि मंजुरी देणारे साहेब घरी झोपलेत, तेव्हा काय करायचं? काका माल देणारच, आणि दिलाच पाहिजे. मग संगणकात तो कुठल्या तरी दुसऱ्या नावावर टाकला जाईल, आणि त्या रात्रीपासून तुझा साठा खोटा बोलायला लागेल. ती पेन्सिलीची ओळ ही कारखान्याची खरी गरज आहे. रात्रपाळीच्या सुपरवायझरला ठरावीक रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार दे, म्हणजे ती ओळ पद्धतीत बसेल. हे काकांनाच विचारून ठरव.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते, म्हणजे मी स्टोअरवर एवढा भर का देते ते कळेल. कारखान्याचं नाव नको. आमच्याकडे संगणक आला तेव्हा मालाची यादी करायला बाहेरची मुलं आली होती. हुशार होती, कष्टाळूही होती. एकच वस्तू तीन-तीन नावांनी लिहिलेली बघून त्यांनी यादी स्वच्छ करायला घेतली. त्यात 6205 नंबरचं बेअरिंग होतं. एका ठिकाणी नुसतं 6205, दुसरीकडे 6205 झेडझेड, तिसरीकडे 6205 टूआरएस. तिन्ही आतून 25 मिलिमीटर, बाहेरून 52, जाडी 15. मुलांनी तिन्हींना मिळून एकच कोड दिला. पडद्यावर साठा भरपूर दिसायला लागला, खरेदी विभाग खूश झाला. आता नुसतं 6205 उघडं असतं, झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं असतात, टूआरएसला रबरी सील. ग्राइंडिंगची धूळ उडते त्या मशीनला उघडं बेअरिंग गेलं आणि काही दिवसांतच ते जाम झालं. स्टोअरकीपरनं ती तीन बेअरिंगं वर्षानुवर्षं तीन वेगळ्या रॅकवर ठेवली होती. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर यादीचं काम त्याच्याकडे दिलं. त्यानं एक गोष्ट मागून घेतली. कोडच्या शेजारी एक जादा रकाना हवा, आणि त्यात माणसं ज्या नावानं वस्तू मागतात ते नाव लिहायचं. आमच्याकडे कुणी कन्नडमध्ये मागायचं, कुणी मराठीत, कुणी नुसतं ‘त्या निळ्या मशीनचं’ म्हणायचं. तो रकाना झाल्यावर नवा माणूसही स्टोअर सांभाळू शकला. म्हणून तुला सांगते, मालाची यादी बाहेरच्या माणसावर सोपवू नकोस. सगळ्या प्रकल्पात सर्वांत कंटाळवाणं काम हेच आहे आणि सर्वांत जास्त वेळ त्यालाच दे.

फाउंड्रीत आणखी एक वही असते, हीट रजिस्टर. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक हीटला, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूला, नंबर, त्यात पिग आयर्न किती, स्क्रॅप किती, स्पेक्ट्रोमीटरवर कार्बन-सिलिकॉन किती आले, त्या धातूतून कुठले कास्टिंग ओतले. तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून तडा गेलेला नग परत येतो, तेव्हा साहेब हीच वही मागतात. नवी पद्धत तिथे बसवताना भट्टीवरच्या माणसाला तेच आकडे दोनदा लिहायला लावू नकोस. एकदा वहीत आणि एकदा संगणकात असं सुरू राहिलं की काही दिवसांनी तो संगणकातले आकडे अंदाजानं भरतो. स्पेक्ट्रोमीटरमधून आकडे थेट घेता येत असतील तर घे. ते जमत नसेल तर भट्टीशेजारीच टॅब्लेट ठेव, ऑफिसात नको.

आता आमच्या गावाचं सांगते. म्हैसूर म्हटलं की तुम्हा मुलांना हेब्बाळचा इन्फोसिसचा कॅम्पस आठवतो. नारायण मूर्ती इथल्याच एनआयई या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1967 साली इंजिनिअर झाले आणि 1981 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कंपनी काढली ती आपल्या पुण्यात, हे तुला ठाऊक असेलच. पण तुझ्या कामाला मला त्यापेक्षा इथली सिटी बस जास्त उपयोगाची वाटते. ती केएसआरटीसी, म्हणजे कर्नाटकाचं एसटी महामंडळ, चालवते. 1948 साली म्हैसूर सरकारच्या वाहतूक खात्यानं 120 बस घेऊन सुरुवात केली, त्या खात्याचं पुढे महामंडळ झालं. 2012 साली याच शहरात जागतिक बँकेच्या मदतीच्या शहर वाहतूक प्रकल्पातून ‘मित्र’ नावाची यंत्रणा सुरू झाली. 500 बसमध्ये जीपीएस, बसच्या आत पुढचा थांबा सांगणारी पाटी, शहरातल्या 105 थांब्यांवर आणि बस स्थानकांवर बस किती वेळात येणार ते दाखवणारे फलक, आणि हे सगळं एका जागी बघणारी कंट्रोल रूम. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं काम हाती घेणारं म्हैसूर हे देशातल्या पहिल्या शहरांपैकी एक.

अशी यंत्रणा चालते कशी ते नीट समजून घे, कारण तुझ्या फाउंड्रीतही हेच होणार आहे. बस कुठे आहे हे उपग्रहावरून कळतं. ती कुठल्या मार्गाची बस आहे हे मात्र उपग्रहाला माहीत नसतं. ते रोज डेपोतला माणूस सांगतो, अमुक गाडी आज अमुक फेरीला. आता एक गाडी वाटेत बिघडली आणि तिच्या जागी दुसरी पाठवली. गाडी वेळेवर धावली, प्रवासीही पोचले, पण ही बदली कुणी यंत्रणेत नोंदवली नाही, तर फलक बिघडलेल्या गाडीची वाट बघायला लावतो. अशी कुठलीही यंत्रणा याच ठिकाणी ठेचकाळते. थांब्यावरच्या माणसाला एकच प्रश्न असतो, माझी बस कधी येणार? फलकानं पाच मिनिटं सांगितली आणि पंधरा लागली, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो फलकाकडे बघत नाही, शेजाऱ्याला विचारतो. मग फलकाचा दिवा जळत राहतो, पण तो फलक वापरातून गेलेला असतो. म्हणून डेपोतल्या त्या माणसाची एक नोंद ही कंट्रोल रूममधल्या मोठ्या पडद्याइतकीच महत्त्वाची. तुझ्या प्रकल्पात असे ‘डेपोतले’ कोण आहेत ते शोध. गेटवर चलन नोंदवणारा वॉचमन असेल, वजनकाट्यावरचा मुलगा असेल. प्रशिक्षण आधी त्यांना, मॅनेजरांना मागाहून.

त्याच बसमधली आणखी एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. तरी कंडक्टर मला फुकट बसवून सोडून देत नाही. ओळखपत्र बघतो, मशीनचं बटण दाबतो आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात देतो. मला त्या कागदाचा काही उपयोग नाही. पण महामंडळ सरकारकडे पैसे मागतं ते याच शून्य तिकिटांच्या हिशेबावर. एक तिकीट फाडायचं राहिलं तर तेवढा प्रवास झालाच नाही असं धरलं जाणार. नोंद करणाऱ्याची नोंद आणि संस्थेचे पैसे इतके जवळ आणून ठेवले की नोंद करा म्हणून रोज ओरडावं लागत नाही. तुझ्या कारखान्यात भट्टीवरच्या माणसाला त्याच्या नोंदीचं काय मिळतं, हे स्वतःला विचार. रिजेक्शन कुठल्या हीटचं हे लगेच कळलं तर दोष त्याच्या पाळीवर सरसकट येणार नाही, हे त्याला दाखवून दे. तो स्वतः होऊन आकडे भरायला लागेल.

लोकांना खरोखर काय हवं असतं हे कसं कळतं, याचं वारणेचं उदाहरण तर तुमच्या दारातलं. 1998 साली, वारणेचा सहकार उभा करणाऱ्या तात्यासाहेब कोऱ्यांच्या वारणानगर परिसरातल्या 70 गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून पैसा घातला, गावोगावी संगणकाची केंद्रं उघडली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले, सगळं तिथे मिळावं अशी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर येत राहिला तो उसाच्या कामासाठी. नोंद झाली का, तोड कधी, काट्यावर वजन किती भरलं. पूर्वी एवढ्यासाठी साखर कारखान्यावर खेटा घालावा लागायचा, तो वाचला, हे काही थोडं नाही. पुढे बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी येऊन पाहिलं आणि सात गावांत तो संगणक काढून त्याच कामाला एक मोबाइल फोन ठेवून बघितला. एसएमएस पाठवायचा, उत्तर यायचं. शेतकऱ्यांचं काम भागलं, आणि वीज गेली, मशीन बिघडलं ही रड कमी झाली. काही लोक याला मोठ्या प्रकल्पाचं अपयश म्हणतात, मला ते पटत नाही. लोक खरोखर काय विचारतात हे त्या केंद्रांमुळेच कळलं. पण तुला ते आधीच कळून घेता येईल. सॉफ्टवेअर कंपनी तुला वीस मॉड्यूल दाखवेल. तू फाउंड्रीतल्या दहा जणांना विचार, दिवसातून कुठला प्रश्न तुम्ही कुणाला तरी फोन करून विचारता? ज्या मॉड्यूलनं ते फोन थांबतील तेवढीच पहिल्या वर्षी घे.

पैशांचं एक सांगते आणि पुढे जाते. मालकांनी मंजूर केलेली रक्कम लायसन्स आणि मशीनची असेल. दरवर्षीची देखभाल, सर्व्हर, बॅकअप, नवा माणूस आला की पुन्हा शिकवणं, हे वेगळं मांडून आत्ताच दाखव. आणि बॅकअप घेतला जातो एवढ्यावर समाधान मानू नकोस, एखाद्या रविवारी तो प्रत्यक्ष परत भरून बघ. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, काय बदललं याचा माग राहिलाच पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये असा नियम आहे. म्हणून एकाच पासवर्डवर चौघं काम करतात, ही पद्धत पहिल्या दिवसापासून मोड. काकांना हे नीट समजावलंस तर त्यांना ते आवडेल. त्यांच्या बिनकार्डावर आजही प्रत्येक ओळीला सही असतेच.

आता एक एप्रिलचं. मालकांचं म्हणणं चूक नाही, नवं वर्ष, नवी शिल्लक, हिशेब सोपा. पण त्यासाठी यादी, मोजणी, प्रशिक्षण हे सगळं मार्चात करावं लागेल, आणि मार्चात तुमच्या अकाउंट्सला आणि डिस्पॅचला मान वर करायला वेळ नसतो. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीचं 1999 साली काय झालं ते मालकांना सांग. सुमारे 11 कोटी डॉलरची नवी यंत्रणा, चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकलेलं, आणि ती चालू केली जुलैमध्ये, हॅलोविनच्या ऑर्डरी यायच्या तोंडावर. गोदामात माल होता आणि दुकानात पोचत नव्हता. जवळजवळ 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत. त्या कंपनीकडे पैसा कमी नव्हता आणि माणसंही कच्ची नव्हती.

तुमच्याकडे ऑर्डरी कुठल्या महिन्यात हलक्या असतात ते डिस्पॅचला विचार आणि त्या महिन्याची पहिली तारीख माग. त्याआधी भट्टी दोन दिवस बंद ठेवून स्टोअरची प्रत्यक्ष मोजणी कर, काका मोजतील आणि तू लिही. मग एक महिना वही आणि संगणक दोन्ही चालू दे. जास्त नको, लोक दमतात. रोज संध्याकाळी पाच वस्तू काकांनी सांगायच्या, त्यांची वहीतली शिल्लक, पडद्यावरची शिल्लक आणि रॅकवरची शिल्लक तुम्ही दोघांनी मिळून ताडायची. फरक निघाला तर त्याच दिवशी कारण शोधायचं. सलग दोन आठवडे फरक निघाला नाही की बिनकार्ड बंद करायची तारीख काकांनाच ठरवू दे. त्यांनी आणखी आठ दिवस मागितले तर दे, आणि ते आठ दिवस कशासाठी मागितले ते मला कळव.

तुझी,
आत्या