उठण्याची मुभा

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक माउली सायंकाळच्या मिस्साबलिदानानंतर माझ्यापाशी आली. तिचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. रजेवर येताना त्याने रंगीत चकत्यांची एक पेटी आणली होती आणि शनिवारी रात्री मित्रांना घरी बोलावून पोकर खेळण्याचा त्याचा मनोदय होता. "फादर, ज्या खोलीत आम्ही रोज रोझरी म्हणतो, तिथे हा जुगार मांडणार! तुम्हीच त्याला समजावा," ती म्हणाली. मी मुलाला बोलावले. तो नम्रपणे म्हणाला, "फादर, सणाला आपण मैदानात हौजी लावतो. ते चालते, तर हे का नाही?"

प्रश्न रास्त होता, टाळण्यासारखा नव्हता.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवेचनात पत्त्यांचा उल्लेख आहे. नशिबाचे खेळ व पैजा मुळातच न्यायाविरुद्ध नाहीत. परंतु स्वतःच्या वा कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यांपायी जाऊ लागला की ते अनैतिक ठरतात, आणि खेळाचे वेड माणसाला गुलाम करू शकते, असा त्याचा आशय आहे. संत थॉमस अक्वायनस तर त्याही पुढे जातात. शरीराप्रमाणे मनही थकते आणि खेळ ही मनाची विश्रांती आहे. जो स्वतः कधी हसत नाही आणि इतरांच्याही आनंदात विघ्न आणतो त्याचे वर्तन सदोष आहे, असे ते म्हणतात. मात्र ते तीन पथ्ये सांगतात: खेळात अश्लील वा अपायकारक काही नसावे, मनाचा तोल जाऊ नये आणि खेळ व्यक्ती, स्थळ व काळ यांना साजेसा असावा.

म्हणजे पत्ते निर्दोष आहेत. मग दोष शिरतो कुठून?

पोकरविषयी पहिला आक्षेप असा की त्यात खोटेपणा आहे. हातात काही नसताना मोठी चाल करून समोरच्याला हूल द्यायची, हा त्या खेळाचा गाभाच. पण हूल म्हणजे असत्य नव्हे. ज्याला सत्य कळण्याचा हक्क आहे त्याला फसवणे म्हणजे असत्य. येथे बसलेल्या प्रत्येकाने हूल देण्या-घेण्याला आधीच संमती दिलेली असते. पान लपवणे, चकत्या चोरणे, शेजाऱ्याला खूण करणे यांना मात्र कोणी संमती दिलेली नसते, ती लबाडी. या दोहोंमधली रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती नियमांनी आखली जाते. म्हणून नियम जितके धूसर, तितकी लबाडीला जागा अधिक आणि निरपराध माणसावर संशयही अधिक.

एक साधे उदाहरण देतो. आपल्याकडे घरोघरी तीन पत्ती ठाऊक असते. तीत सिक्वेन्स हा कलरपेक्षा वरचा. पोकरमध्ये नेमके उलट. कारण सरळ गणिती आहे. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत नुसते सिक्वेन्स ७२० आणि नुसते कलर १,०९६. पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. दुर्मीळ ते श्रेष्ठ, हा न्याय दोन्हीकडे एकच, निकाल वेगळा. हे आधी कागदावर लिहिले नाही, तर मध्यरात्री दोन प्रामाणिक मित्र एकमेकांना लबाड म्हणू लागतील आणि दोघांनाही आपलेच खरे वाटेल.

पोकरचा आणखी एक नियम मला त्या मुलाकडून कळला आणि तो मला फार आवडला. डाव सुरू असताना खिशात हात घालायचा नाही. समोर असेल तेवढेच पणाला. ज्याच्या चकत्या संपत आल्या, त्याने उरलेल्या सर्व मांडाव्यात. तेवढ्या रकमेपुरता त्याचा हक्क शाबूत राहतो. जास्त पैसेवाल्यांचा हिशेब वेगळा मांडला जातो. आपल्या कित्येक घरांत तीन पत्ती अशी खेळत नाहीत. तेथे चाल वाढत जाते आणि चांगली पाने हातात असूनही हलक्या खिशाचा माणूस पॅक होतो.

हे ऐकताना मला एक जुनी रात्र आठवली. मी नुकताच सहायक धर्मगुरू झालो होतो. एका लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात तीन पत्तीचा डाव रंगला होता. खेळणारे सारे बालमित्र. त्यांपैकी एक रोजंदारीवर काम करणारा सुतार. बराच वेळ हरल्यावर तो उठू लागला, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "काय रे, बायकोला भितोस?" सगळे हसले. मीही हसलो. तो पुन्हा खाली बसला. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी ठेवलेले पैसे त्या रात्री गेले. त्या डावात कोणीही लबाडी केली नव्हती. कोणताही नियम मोडला नव्हता. त्याला उठू देणारा नियमच तेथे नव्हता, आणि जो माणूस आपल्या शब्दाने तो करू शकला असता, तो हसत होता.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले की, नियम लिहून काढ आणि आईला वाचून दाखव. त्याने कागद आणला. सर्वांची रक्कम सारखी, आणि ती इतकीच की हरल्यावर घरी जाऊन हसत सांगता यावी. उसने देणे-घेणे नाही. घराच्या मालकाने डावातून नाल काढायची नाही. ती काढू लागला की घराचा अड्डा होतो. अकरा वाजता शेवटचा डाव. हातांचा क्रम भिंतीवर लावलेला. कायदा काय म्हणतो ते आधी जाणकाराला विचारायचे.

त्यात मी एकच भर घातली आणि तिला पहिला क्रमांक द्यायला लावला: कोणीही, केव्हाही, कारण न सांगता उठावे, उठणाऱ्यावर कोणी हसू नये.

आईने कागद दोनदा वाचला. "हसू नये, हेही लिहावे लागते का, फादर?" तिने विचारले. मी "हो" म्हणालो. कारण सांगितले नाही.

तो सुतार आता थकला आहे. रविवारी मागच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद होताच निघून जातो. त्या रात्रीविषयी मी त्याच्याशी आजवर एक शब्दही बोललेलो नाही. इतरांना नियम लिहून देण्यापूर्वी मी त्याच्या घरी जायला हवे होते. या आठवड्यात जाणार आहे.