आहे त्या कॅमेऱ्याचे समाधान

समाधान हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. दुपारचे जेवण मनासारखे झाले की समाधान, मुलीचे लग्न ठरले की समाधान, आणि परवडत नाही म्हणून एखादी वस्तू घेता आली नाही, तरीही चारचौघांत आपण म्हणतो, ‘आम्ही आहे त्यात समाधानी आहोत.’ यांपैकी तिसरे समाधान खरोखर समाधान असते काय, याचा विचार करावा असे बरेच दिवस आमच्या मनात होते. त्यासाठी उदाहरण निवडले आहे ते कॅमेऱ्याचे. वाचकांना ते किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरात शिलाईचे यंत्र तीस वर्षे चालते आणि भिंतीवरचे घड्याळ आजोबांच्या वेळचे असते, त्याच घरात चार वर्षांपूर्वी घेतलेला, उत्तम चालणारा कॅमेरा कोणाच्या तरी मनाला बोचू लागतो. घड्याळाच्या बाबतीत जे सहज साधते ते कॅमेऱ्याच्या बाबतीत का साधू नये?

आमच्या सोलापुरात हा प्रश्न दर जानेवारीत रस्त्यावर पाहायला मिळतो. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले भक्त सात उंच नंदीध्वज पेलत निघतात, आणि त्यांच्या मागेपुढे छायाचित्रकारांचाही एक मेळा चालत असतो. मिरवणूक येण्यापूर्वीचा अर्धा तास मोठा बोधप्रद. त्या वेळी जो तो दुसऱ्याच्या गळ्यातील कॅमेऱ्याकडे पाहत असतो. कोणाची लेन्स किती लांब, कोणाचे मॉडेल कितवे, याची मनातल्या मनात मोजदाद चालते, आणि पहिला नंदीध्वज दृष्टीस पडण्याआधीच कित्येकांना आपण अद्याप न काढलेली छायाचित्रे फिकी वाटू लागतात. दुसऱ्याचे भले पाहून होणारे दुःख म्हणजे हेवा, अशा अर्थाची मांडणी संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात केली होती. दहाव्या आज्ञेच्या यादीत बैल आणि गाढव यांची नावे आहेत. कॅमेऱ्याचे अर्थातच नाही. मात्र शेजाऱ्याच्या मालकीचे जे जे असेल ते सर्व यादीच्या शेवटी घातलेले असल्यामुळे त्याचीही सोय झालेली आहे.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरावेत. सोलापूर तर चादरींचेच गाव. येथे ही म्हण विशेष शोभावी. पण म्हणीत खर्चाची मर्यादा सांगितली आहे, मनाची नव्हे. आखूड चादरीत पाय आखडून झोपलेला माणूस रात्रभर लांब चादरीचीच स्वप्ने पाहत असेल, तर त्याने कर्ज टाळले एवढेच म्हणता येईल. ही काटकसर झाली. ती चांगलीच आहे, पण तिला समाधान म्हणू नये. याच्या उलट टोकाला आणखी एक प्रकार आढळतो. ‘आम्ही बुवा अजून जुन्याच कॅमेऱ्यावर काम भागवतो,’ असे सांगताना काहींची मान जरा ताठ होते. त्यांचीही नजर शेजाऱ्याच्या गळ्याकडेच असते. फरक इतकाच की तेथे पाहून त्यांना दुःखाऐवजी मोठेपणा वाटतो.

आणखी एक सावधगिरी येथेच सांगून ठेवलेली बरी. समाधानाचा उपदेश बहुधा ज्यांच्यापाशी भरपूर असते ते ज्यांच्यापाशी काहीच नसते त्यांना करतात. याच शहराने १९३० साली मार्शल लॉ सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येथील चौघे हुतात्मे येरवड्यास फाशी गेले. ‘आहे त्यात सुख मानावे’ हा उपदेश सोलापूरकरांनी तेव्हा मानला असता तर बरे झाले असते, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा आम्ही येथे बोलतो आहोत ते वस्तूंविषयी, अन्यायाविषयी नव्हे.

संत पौलाने फिलिप्पैकरांना तुरुंगातून पत्र लिहिले. कोणत्याही स्थितीत समाधानी राहण्यास आपण शिकलो आहोत, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. त्यातील ‘शिकणे’ आम्हाला महत्त्वाचे वाटते. कॅमेऱ्याच्या बाबतीत हे शिकणे अगदी शब्दशः घ्यावे. एक उदाहरण देतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असेल असे गृहीत धरतो. बाराबंदी घातलेल्या शंभर माणसांनी चौकट भरली की यंत्राला वाटते प्रकाश फार झाला. ते तो कमी करते आणि पांढरे कापड मळकट उमटते. चर्चमध्ये प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलींचे पांढरे झगे अल्बममध्ये राखाडी दिसतात, त्याचेही कारण बहुतेक वेळा हेच असते. अशा वेळी यंत्राने सुचविल्यापेक्षा एक ते दीड स्टॉप प्रकाश जास्त द्यावा लागतो. नव्या यंत्रांत ही चूक कमी झाली असली तरी नाहीशी झालेली नाही, आणि ती किती होते हे प्रत्येक कॅमेऱ्याचे निराळे असते. ज्याने एकच कॅमेरा आठ वर्षे वापरला त्याला आपला कॅमेरा पांढऱ्यापुढे किती बिचकतो हे ठाऊक असते; त्याचा अंगठा न पाहता योग्य त्या चाकावर जातो. दर दोन वर्षांनी यंत्र बदलणाऱ्याची ही ओळख प्रत्येक वेळी नव्याने सुरू होते.

साठीच्या दशकापासून पुढे भारतात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री ज्या घरांत होता त्यांना हे वेगळे सांगावयास नको. त्यावर सूर्य आणि ढग यांची चित्रे होती, एका रोलमध्ये बारा छायाचित्रे निघत, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा अस्पष्ट येई म्हणून सारे कुटुंब दहा फुटांवर उभे करावे लागे. त्या छायाचित्रांत सगळे आजी-आजोबा दूर आणि अख्खे दिसतात ते त्यामुळे.

थोडा हिशेबही करून पाहावा. चार बाय सहा इंचांचे छायाचित्र उत्तम छापायचे तर दर इंचाला तीनशे बिंदू धरून सुमारे २२ लाख बिंदू, म्हणजे २.२ मेगापिक्सेल, लागतात. आठ बाय बारासाठी सुमारे ८.६ मेगापिक्सेल. २००४ साली बाजारात आलेला निकॉन डी ७० सहा मेगापिक्सेलचा होता, म्हणजे अल्बमच्या गरजेच्या जवळजवळ तिप्पट. आता फोनवरच पन्नास आणि दोनशे मेगापिक्सेलच्या जाहिराती असतात. घरात मात्र छापील छायाचित्रे पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत.

इतके सांगितल्यावर कोणी चौकस वाचक विचारील की, सगळेच असे समाधानी झाले असते तर दादासाहेब फाळके कोठून निपजले असते? आक्षेप बिनतोड आहे, आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही. फाळके यांच्यापाशी छायाचित्रणाचे चांगले ज्ञान होते. गोध्र्यास त्यांनी स्टुडिओही चालविला होता. स्थिर छायाचित्राच्या कॅमेऱ्यात ते सुखाने राहू शकले असते. परंतु १९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावात त्यांनी पडद्यावर प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला, आणि आपल्याकडचे राम आणि कृष्ण असेच चालताबोलताना दिसावेत या विचाराने त्यांना पछाडले. त्या ध्यासात डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले आणि तेथे विल्यमसन कंपनीच्या चलच्चित्र कॅमेऱ्याची खरेदी केली. कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी प्रथम काय टिपले? कुंडीतला वाटाणा. त्याची वाढ थोड्याथोड्या अंतराने चित्रित करून त्यांनी काही मिनिटांत रोप उगवताना दाखविले, आणि ते पाहून भांडवल देणारा मिळाला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्या रात्री जागून करीत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात लागला.

फाळके यांचे असमाधान कोणत्या जातीचे होते, हे येथे पाहावे लागेल. ते दुसऱ्याच्या हातातील यंत्र पाहून जडलेले नव्हते. आधी चित्र मनात उभे राहिले, हातातील साधनाने ते काढता येईना, म्हणून नवे साधन आले. कोल्हापुरातही तेच घडले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांना चित्रपट काढावयाचा होता आणि परदेशी कॅमेरा आवाक्याबाहेरचा, म्हणून त्यांनी तो स्वतःच घडवावयास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. पुढे दामल्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ प्रेक्षकांपुढे आला. असली उणीव कामाच्या पोटातून निघते. कॅटलॉगमधून निघालेली उणीव निराळी असते. कोणते चित्र काढता येत नाही म्हणून नवा कॅमेरा हवा, असे विचारल्यास तिला उत्तर देता येत नाही. ज्याला ते उत्तर देता येते त्याने खुशाल नवे यंत्र घ्यावे. त्याला समाधानाचे पाठ देऊ नयेत.

सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजचे माळरान आहे. तेथे १९७९ साली माळढोक पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले. मीटरभर उंचीचा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, आणि माणूस जवळ आला की अंडे सोडून उठतो. लहान लेन्स घेऊन गेलेल्या छायाचित्रकाराला तो दूरवर ठिपक्यासारखा दिसणार. त्याने काय करावे? आपल्या साधनावर संतुष्ट आहोत असे म्हणत तो पक्ष्याच्या दिशेने चालू लागला, तर त्याच्या संतोषाची किंमत अंडे देईल. येथे लांब लेन्सची इच्छा लोभाची नाही, उलट पक्ष्याच्या कल्याणाचीच आहे. ती नसेल तर माळ, गवत आणि त्यात एक ठिपका असे छायाचित्र काढावे, किंवा बसून नुसते पाहावे. आज देशभरात या जातीचे दीडशेच्या आसपासच पक्षी उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला माळढोकाचे दर्शन आता दुर्मिळ झाले आहे, लेन्स कितीही लांब असली तरी.

आता ज्यांचे पोटच कॅमेऱ्यावर आहे त्यांच्याविषयी. लग्नसराईत काम करणाऱ्या छायाचित्रकाराने आहे त्या यंत्रावर समाधानी राहायचे ठरवले तरी त्याला राहू कोण देणार? गिऱ्हाईक आधी विचारते, कॅमेरा कोणता? ड्रोन आहे का? त्याने काढलेला एखादा अल्बम मागवून पाहणारे थोडे. मग तो हप्त्यांवर यंत्र घेतो; ते फिटण्यापूर्वीच पुढचे मॉडेल येते; आणि पावसाळ्यातले बिनमुहूर्ताचे महिने त्याला व्याजासह मोजावे लागतात. त्याच्या घरातील असमाधानाचा पुष्कळसा भाग असा गिऱ्हाइकाच्या घरून आलेला असतो. लग्न, बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद अशा प्रसंगी आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे ही गिऱ्हाइके असतात. छायाचित्रकार ठरविताना त्याच्या यंत्राची चौकशी न करता त्याने टिपलेले चेहरे पाहायला मागावेत, एवढे तरी आपल्या हाती आहे. आगाऊ रक्कम वेळेवर द्यावी, हेही ओघाने आले.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७० साली छायाचित्रण सोडले. तोपर्यंत त्यांच्या रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक या अवजड कॅमेऱ्यांनी स्वातंत्र्याचा सोहळा आणि गांधीजींची अंत्ययात्रा टिपली होती. पुढची चाळीस वर्षे त्यांनी व्यवसाय म्हणून कॅमेरा पुन्हा हाती घेतला नाही. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १५ जानेवारी २०१२ रोजी बडोद्यास त्या वारल्या. त्यानंतर चारच दिवसांनी कोडॅक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९७५ साली जगातला पहिला डिजिटल कॅमेरा ज्या कंपनीच्या अभियंत्याने बनविला, तीच ही कंपनी.

येत्या जानेवारीत यात्रेला, किंवा झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीला, मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांनी एक प्रयोग करून पाहावा. घरात जो काही कॅमेरा वा फोन असेल तो मुलाच्या हाती द्यावा आणि बाराच छायाचित्रे काढावयास सांगावे. काढलेले पुसायचे नाही, तेरावे काढायचे नाही. घरी आल्यावर बाराही छापून घ्यावीत आणि प्रत्येकाच्या मागे तारीख व माणसांची नावे पेन्सिलीने लिहावीत. शाई काही वर्षांनी पलीकडे उतरते.