विक्री संपते, जबाबदारी संपते का?

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ अमरावती आणि अकोल्याच्या बाजारपेठेतील कितीतरी बिलांच्या तळाशी ही ओळ छापलेली असते. ती इतक्या परिचयाची झाली आहे की घेणारा ती वाचत नाही आणि देणारा तिचा विचार करीत नाही. परंतु ज्याचा आखिरतवर विश्वास आहे, त्याने या ओळीपाशी क्षणभर थांबले पाहिजे. पैसे गल्ल्यात पडले की विक्रेता मोकळा झाला, असा एक मोठा दावा तिच्यात दडलेला आहे. हा दावा खरा आहे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी, वाचकहो, आपण सुताराचे अवजार समोर ठेवू या. कापड फाटले तर अंगावरचे एक वस्त्र जाते. अवजार दगा देते तेव्हा मात्र एका कुटुंबाची रोजी थांबते. म्हणून अवजार घडवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची जबाबदारी अधिक स्पष्टपणे दिसून येते.

न दिसणारा दोष

रंध्याचे पाते किंवा पटाशी दिसायला कितीही चकचकीत असली, तरी तिचा खरा गुण तिला दिलेल्या पाण्यात असतो. कारागीर पोलाद लालबुंद तापवतो आणि पाण्यात वा तेलात बुडवतो. त्याने ते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून त्यावर गवताच्या वाळल्या काडीसारखा पिवळा रंग चढेपर्यंत ते पुन्हा हलक्या आचेवर तापवतात, तेव्हा ठिसूळपणा कमी होतो. पाणी कमी बसले तर धार वळते. जास्त बसले तर धारेचे कपचे उडतात. त्यातच आपला मेळघाटचा सागवान. वाळूत असते ती सिलिका सागवानाच्या लाकडातही असते आणि ती चांगल्या धारेलाही लवकर बोथट करते. मग कच्च्या पाण्याच्या पात्याची गत काय होणार?

हा दोष दुकानाच्या काउंटरवर डोळ्यांनी दिसत नाही, बोट फिरवूनही कळत नाही. तो कळतो लाकडावर, काम अंगावर घेतल्यानंतर. म्हणजे अवजार घेणारा सुतार लोखंडाइतकाच घडवणाऱ्याच्या सचोटीवर पैसे लावत असतो. अशा ठिकाणी ‘पाहून घ्यायचे होते’ हे उत्तर न्यायाचे नाही. जे पाहताच येत नाही, ते तो पाहणार कसे?

आपल्या धर्मात हस्तकलेला किती मोठा मान आहे, हे आपण जाणता. हजरत नूह (अलै.) यांनी अल्लाहच्या आज्ञेने नौका बांधली. हजरत जकरिया (अलै.) सुतारकाम करीत, असे हदीसमध्ये आले आहे. हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि त्यांना चिलखते घडविण्यास सांगितले. सूरह सबामध्ये या प्रसंगी कड्यांचे माप अचूक राखण्याची ताकीदही आहे. विचार करा, चिलखताची एक कडी सैल राहिली तर तिची किंमत घडवणारा मोजत नाही. ते घालून रणात उतरलेला माणूस मोजतो. अवजाराचेही तसेच आहे.

हक्क कोणता आणि उपकार कोणता

आपल्या फुकहांनी या प्रश्नाचे फार बारकाईने विवेचन केले आहे. त्यातून तीन पायऱ्या स्पष्ट होतात.

पहिली पायरी सांगण्याची. मालातील दोष ठाऊक असताना तो न सांगता विकणे वैध नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे आपण (स.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही, असे स्पष्ट केले. पाऊस हा विक्रेत्याचा अपराध नव्हता. ओले धान्य आत ठेवणे हा अपराध होता.

दुसरी पायरी परतीची. विक्रीपूर्वीचा दोष नंतर उघड झाला, तर खरेदीदाराला माल परत करण्याचा अधिकार आहे. याला ‘खियारे ऐब’ म्हणतात. दरम्यान त्याच्या हाती मालात आणखी नवा दोष उत्पन्न झाला असेल, तर मूळ दोषामुळे जितके मोल घटते तितकी रक्कम त्याला मिळते, किंवा विक्रेता राजी असेल तर तो माल परत घेऊ शकतो. येथे विक्रेत्याने उपकार केल्याचा आव आणण्याचे कारण नाही. तो दुसऱ्याचा हक्क त्याला देत असतो.

तिसरी पायरी इहसानची. मालात काही दोष नाही, केवळ घेणाऱ्याला पश्चात्ताप झाला आहे. घरी गेल्यावर त्याला कळले की या मापाची पटाशी आपल्या कामाची नाही. येथे विक्रेत्यावर बंधन नाही. तरीही तो सौदा रद्द करून माल परत घेईल, तर त्याला ‘इकाला’ म्हणतात. जो असा सौदा परत घेतो, त्याच्या चुका अल्लाह कयामतच्या दिवशी माफ करील, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते इकाला मूळ किमतीवरच होतो. ‘परत घेतो, पण शंभर रुपये कापून’ हा इकाला नव्हे.

आता बिलावरच्या त्या ओळीकडे वळू या. हनफी फिकहनुसार ‘कोणत्याही दोषाची जबाबदारी माझ्यावर नाही’ अशी अट विक्रेत्याने घातली आणि खरेदीदाराने ती मान्य केली, तर ती वैध ठरते. मग काझीपुढे माल परतीचा दावा चालत नाही. परंतु फुकहांनी ‘कजा’ आणि ‘दियानत’ यांत भेद केला आहे. कजा म्हणजे न्यायालयातील निवाडा, दियानत म्हणजे बंद्याचा आपल्या रबशी असलेला व्यवहार. दोष माहीत असून जो या अटीआड लपतो, तो काझीपुढे सुटेल. अल्लाहपुढे ती छापील ओळ त्याच्या कामी येणार नाही.

आपल्या देशाचा कायदा तर येथे अधिक कडक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दोषयुक्त माल बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. विक्रेत्याबरोबर उत्पादकालाही उत्तर द्यावे लागते. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहेत.

वऱ्हाडचा लोहार आणि ओटावाचा दुकानदार

विक्रीनंतरची सेवा ही कंपन्यांनी आणलेली नवी कल्पना आहे, असा अनेकांचा समज असतो. आपल्या आजोबांच्या काळातील वऱ्हाड आठवा. गावचा लोहार वखराची पास, फाळ, विळा, कुऱ्हाड वर्षभर दुरुस्त करून देई आणि सुगीत खळ्यावर बलुते घेई. धार गेली तर शेतकरी त्याच्याच भात्यापाशी येई. त्या व्यवस्थेत कारागिराला जातीची बेडी होती आणि आपल्या श्रमाचे मोल ठरवण्याचे स्वातंत्र्य नव्हते, हे विसरता येणार नाही. पण एक गोष्ट तिच्यात होती. अवजार घडवणारा आणि वापरणारा एकमेकांच्या दृष्टिआड होत नव्हते. धार लावणाऱ्या आपल्या शिकलगार बांधवांचे नावही ‘सैकल’ या अरबी शब्दावरून आले आहे. सैकल म्हणजे घासून चकाकी देणे. जुन्या वस्तूला पुन्हा कामाची करणे, हाच त्यांचा व्यवसाय.

आज बनवणारा जालंधरला, विकणारा अकोल्याला आणि वापरणारा दर्यापूरजवळच्या खेड्यात असतो. अंतर वाढले, तशी जबाबदारी पातळ झाली. मशीन बंद पडले की दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी सर्व्हिस सेंटरकडे, आणि गावचा सुतार खेटे घालीत राहतो. परंतु अंतर हे निमित्त पुरेसे आहे काय?

१९७८ साली कॅनडातील ओटावा शहरात लेनर्ड ली यांनी ‘ली व्हॅली’ नावाचा सुतारकामाच्या अवजारांचा व्यवसाय सुरू केला. माल टपालाने जाई. दुकानदाराला ग्राहकाचा चेहराही दिसत नसे. तरीही ग्राहकाने अवजार घरी वापरून पाहावे, न पटल्यास तीन महिन्यांच्या आत परत करावे आणि पूर्ण पैसे घ्यावेत, हे त्यांचे धोरण झाले. या पेढीने पुढे ‘व्हेरिटास’ या नावाने स्वतःची अवजारेही बनवली. सुतार मंडळीत तिचा लौकिक झाला, त्यात तिच्या पोलादाइतकाच या शब्द पाळण्याचा वाटा आहे.

फिकहच्या विद्यार्थ्याला येथे ‘खियारे शर्त’ आठवल्याशिवाय राहत नाही. सौदा पक्का करण्याआधी विचाराला मुदत राखून ठेवण्याचा हा अधिकार. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी त्याची मर्यादा तीन दिवस मानली; त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी मुदत निश्चित असेल तर अधिक दिवसही मान्य केले. ओटावाच्या दुकानदाराने हा नियम आपल्या किताबांतून घेतला नव्हता. पण आपल्या मदरशांत शेकडो वर्षे शिकवला जाणारा धडा इतरांच्या दुकानात प्रत्यक्ष दिसावा आणि आपल्या दुकानात केवळ ती छापील ओळ दिसावी, याचे आपल्याला काही वाटले पाहिजे.

नफ्यासाठी केलेले चांगले काम

कोणी म्हणेल, ‘मौलाना, हे सारे गिऱ्हाईक टिकवण्यासाठी असते. यात पुण्य कसले?’ हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. नफ्यासाठी केलेला सरळ व्यवहार हलालच असतो आणि त्याने दुसऱ्याचे भलेही होते. मात्र कर्माचा मोबदला नियतवर अवलंबून आहे. मग आपली नियत ओळखावी कशी? एक कसोटी आहे. जे गिऱ्हाईक पुन्हा कधी येणार नाही, ज्याच्या बोलण्याने बाजारात आपले नाव वाढणार नाही की बुडणार नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो? धारणीकडचा एखादा कोरकू कारागीर परतवाड्याच्या बाजारातून पटाशी घेऊन जातो. बिल त्याच्यापाशी नाही, मराठी त्याला अडखळत येते, दुकानात तक्रार करण्याचे धैर्य त्याला नाही. तो पहिल्याच दिवशी वळलेली पटाशी घेऊन परत आला, तर त्याला बदलून मिळते काय? ज्याच्या दुकानात ती मिळते, त्याची सेवा केवळ धंद्याची युक्ती नाही.

इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफा येथील कापडाचे व्यापारी होते. चरित्रकार सांगतात की दोष असलेले एक कापड त्यांच्या भागीदाराकडून दोष न सांगता विकले गेले. घेणारा कोण, ते कळेना. तेव्हा इमामसाहेबांनी ती सारी रक्कम सदका केली. ज्याला परत द्यायचे तो सापडत नाही, म्हणून ती रक्कम आपली झाली, असे त्यांनी मानले नाही.

लहान कारागिराला अमर्याद परती परवडणार नाही, हेही खरे आहे. शरीअत त्याच्यावर ते ओझे टाकत नाही. त्याने दोष सांगावा, आपल्या हातची चूक मान्य करावी आणि जमेल तेथे सवलत द्यावी.

घेणाऱ्याची अमानत

अमानत एकाच बाजूची नसते. पटाशीने खिळा उपटायचा, पाते दगडावर आपटायचे आणि मग ‘माल खराब होता’ म्हणून दुकानात उभे राहायचे, हीही फसवणूकच होय. दोष लक्षात येताच वापर थांबवावा. दोष जाणूनही वापरत राहणे म्हणजे तो स्वीकारल्याची संमती, असे फुकहा सांगतात. दुकानदाराने माल बदलून दिला, तर त्याचे चार लोकांत नाव घ्यावे. चांगुलपणाची साक्ष देणे हेही आपले कर्तव्य आहे.

आपल्या घरांतून किती तरुण सुतारकाम, फर्निचर, हार्डवेअर आणि दुरुस्तीच्या धंद्यात आहेत! त्यांच्या घरच्यांनी त्यांना एवढे विचारावे: आज काय विकलेस, याबरोबरच आज काय परत घेतलेस? आणि ज्यांचे दुकान आहे, त्यांनी पुढचे बिलबुक छापायला टाकताना ती तळाची ओळ काढून तेथे लिहावे, ‘मालात दोष आढळल्यास परत आणावा.’ छपाईचा खर्च तेवढाच येईल.

अल्लाह आपल्या व्यवहारांत सचोटी आणि आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.