योनाची सावली आणि देवाची शिरगणती

शास्त्रपाठ : योना ४:१-११, स्तोत्र १०४:१९-२४



योनाचे पुस्तक एका प्रश्नाने संपते, आणि त्या प्रश्नाला योनाने काय उत्तर दिले हे आपल्याला सांगितलेले नाही. निनवे वाचले म्हणून संदेष्टा रागावला आहे. डोक्यावरचा वेल वाळला म्हणून तो मरण मागत आहे. तेव्हा देव त्याला विचारतो की, ज्या वेलासाठी तू काडीचेही श्रम केले नाहीस त्याच्यासाठी तुझा जीव तुटतो, तर एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसे जिथे राहतात त्या महानगरासाठी माझा जीव तुटू नये काय?

प्रश्न येथेच पुरा झाला असता. पण देव आणखी काही बोलतो. त्या नगरातील गुराढोरांचीही तो आठवण करून देतो. मूळ इब्री भाषेत पुस्तकाचे अखेरचे दोन शब्द त्यांच्याविषयीच आहेत. 'बेहेमा' म्हणजे पाळीव जनावरे, आणि 'रब्बा' म्हणजे पुष्कळ. देवाने शहराची शिरगणती केली, तेव्हा त्याच्या वहीत माणसांखाली मुक्या जनावरांचीही नोंद होती.

या अध्यायाच्या भाषांतराचा इतिहास बोधप्रद आहे. जेरोमने इब्रीवरून लॅटिन भाषांतर करताना योनाच्या वेलाचे नाव बदलले. आधीच्या भाषांतरातील भोपळ्याच्या वेलाऐवजी त्याने आयव्ही हा वेल घातला. उत्तर आफ्रिकेतील एका मंडळीत हे नवे भाषांतर वाचले गेले, तेव्हा एवढा गोंधळ उडाला की बिशपावर मंडळी गमावण्याची पाळी आली. ही हकीकत ऑगस्टिनने जेरोमला पत्रातून कळवली. ते झाड एरंडाचे असावे असे आज पुष्कळ विद्वान मानतात. भाषांतराच्या कामात मीही या एका झाडाच्या नावावर कितीतरी तास घालवले आहेत. परंतु अखेरच्या दोन शब्दांपाशी मी कधी थबकलो नाही. ते सोपे होते. वेलासाठी मंडळी भांडली. गुरांसाठी कोणी भांडले नाही.

मी ज्या बंगळूरमध्ये राहतो त्या महानगराची शिरगणती देवाने केली, तर तीत कोणाची नावे येतील? महाराष्ट्रातून येणारे पाहुणे लालबाग पाहतात, विधानसौध पाहतात आणि म्हैसूरला जाऊन प्राणिसंग्रहालयातील वाघ-सिंह पाहतात. त्यात काही वावगे नाही. पण देवाच्या वहीतील दोन नोंदी पाहुण्यांनाच काय, येथील रहिवाशांनाही सहसा ठाऊक नसतात. एक आहे पाळीव, दुसरी रानटी. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात या दोन्ही जातींचा वेगवेगळा उल्लेख आहे, आणि दोन्ही चांगल्या आहेत असे उत्पन्नकर्त्याने पाहिले.

पहिली नोंद बैलांची. बंगळूरच्या उत्तरेस दोड्डबळ्ळापूरजवळ घाटी सुब्रह्मण्य येथे हिवाळ्यात गुरांची मोठी जत्रा भरते. तेथे हळ्ळीकार जातीचे करडे बैल पाहावेत. लांब, मागे झुकून वर गेलेली शिंगे, निमुळते तोंड, काटक पाय. आपल्या सांगली-सोलापूरकडील वाचकांना आपला खिलारच डोळ्यांपुढे उभा राहील, आणि ते साहजिक आहे. खिलारचे मूळ म्हैसूरकडील या गुरांत असावे, असे पशुतज्ज्ञ मानतात. हळ्ळीकारचाच भाऊबंद म्हणजे अमृतमहाल. म्हैसूरच्या राजांनी हे कळप जोपासले. हैदरअली आणि टिपू यांच्या तोफा व रसद याच बैलांनी ओढली. पूर्वी या खात्याला 'बेण्णे चावडी', म्हणजे लोण्याची चावडी म्हणत. 'अमृतमहाल' हे नाव टिपूने दिले. १७९९ साली टिपू पडल्यावर हे कळप इंग्रजांकडे गेले. या गुरांसाठी 'कावल' नावाची विस्तीर्ण कुरणे राखून ठेवलेली असत. चिक्कमगळूर जिल्ह्यातील अज्जमपूर येथे आजही या जातीच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे.

परंतु ट्रॅक्टर आला, आणि दूध थोडे देणाऱ्या या गाईंचा उपयोग काय, असा प्रश्न उभा राहिला. कुरणेही आक्रसत गेली. चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरे येथे अमृतमहाल कावलची हजारो एकर जमीन या शतकात संरक्षण व विज्ञान संस्थांना देण्यात आली. त्या संस्थांचे काम देशोपयोगी नाही असे मी म्हणत नाही. शेकडो वर्षे ओझी ओढून ज्याने आपली सेवा केली, त्याचा उपयोग सरला म्हणजे त्याची जागाही सरते काय, एवढेच विचारतो. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान मनुष्याची एक खूण सांगितली आहे : तो आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो. तेथे उपयोगाची अट घातलेली नाही.

दुसरी नोंद अगदी लहान आहे. वजन जेमतेम पाव किलो, शेपूट नाही, काड्यांसारखे हातपाय आणि चेहरा भरून टाकणारे दोन वाटोळे डोळे. याला लोरिस म्हणतात. वानरकुळातील हा दूरचा नातलग रात्री फिरतो, किडे खातो आणि एका फांदीवरून दुसरीवर हात पुढे करीत सावकाश चालतो. माकडासारखी लांब उडी त्याला साधत नाही. म्हणून झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असल्या तरच त्याचा संसार चालतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात आणि कृषी विद्यापीठाच्या जी. के. व्ही. के. परिसरात, म्हणजे या गजबजलेल्या शहराच्या पोटातच, तो राहतो. कायद्याने त्याला संरक्षण आहे. तरी जादूटोण्यासाठी त्याला पकडणारे आणि अशुभ म्हणून मारणारे लोक आहेतच. शेजारच्या तमिळनाडू राज्याने २०२२ साली कडवूर येथे केवळ या जिवासाठी अभयारण्य स्थापन केले. कानडीत त्याला 'काडुपापा' म्हणतात. काडु म्हणजे रान, पापा म्हणजे तान्हे बाळ.

वाचकहो, हे नाव मी पहिल्यांदा ज्या प्रसंगी ऐकले तो सांगताना मला लाज वाटते. काही वर्षांपूर्वी येथील एका मंडळीच्या बांधकाम समितीवर मी होतो. आवारात एका रांगेत जुनी झाडे होती. उपासनेला येणाऱ्यांची वाहने वाढली, म्हणून मधली झाडे काढून जागा करावी असे ठरत होते. पहारेकरी दाराशी उभा होता. तो संकोचाने म्हणाला, "सार, तिथे काडुपापा आहे. रात्री मी शीळ ऐकतो." आम्हांला ते भुताखेताचे प्रकरण वाटले. कोणीतरी हसले. मीही हसलो, आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला.

पुढे एका मित्राबरोबर रात्री लाल कागद लावलेली विजेरी घेऊन मी फिरायला गेलो. उंचावर दोन निखारे चमकले. ते हळूहळू फांदीच्या टोकापर्यंत आले, एक बारीक हात अंधारात पुढे झाला, दुसरी फांदी चाचपून त्याने घट्ट धरली. तेव्हा मला आमच्या आवारातील ती रांग आठवली. आम्ही मधली झाडे काढली होती. पुढे करायला हात होता; धरायला फांदी ठेवली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याकडे गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "आता शीळ येत नाही, सार."

एकशे चारावे स्तोत्र सांगते की रात्र देवानेच केली, आणि ती वनपशूंची वेळ आहे; सूर्य उगवला की ते परततात आणि मनुष्य कामाला निघतो. म्हणजे एकाच घरात देवाने दोन पाळ्या नेमल्या आहेत. आम्ही दिवसपाळीचे लोक. आपण झोपलो असता दुसरे कोणी देवाजवळ आपले अन्न मागत असते, हे आम्ही विसरलो. ईयोबाला वादळातून उत्तर देतानाही देवाने कोणाच्याच दावणीला नसलेले पशू त्याच्यापुढे उभे केले : रानबकरी, रानगाढव, शहामृग. मनुष्याने कधी पाहिलेही नाही असे त्यांचे बाळंतपण देवाच्या गणतीत होते.

तर मग आपण काय करावे? पहिले, नाव जाणून घ्यावे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला मिळालेल्या आरंभीच्या कामांपैकी हे एक काम आहे. देवाने प्राणी आणून त्याच्यापुढे उभे केले, आणि त्याने त्यांना काय म्हणावे ते पाहिले. तुमच्या शिवारात खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी किंवा गवळाऊ जातीची गुरे असतील तर मुलांना ती दाखवा. दुसरे, जागा ठेवावी. आपल्या पुष्कळ मंडळ्या जुन्या मिशन कंपाउंडांत आहेत आणि तेथील झाडे वाडवडिलांनी लावलेली आहेत. समितीने कुऱ्हाडीचा ठराव करण्यापूर्वी एक रात्र तेथे थांबावे, आणि पहारेकऱ्याला विचारावे. कारण देवाने कोणते शब्द कोणाच्या मुखी घातले असतील, हे पदव्या मिळवलेल्यांनाही कळत नाही.

कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो त्याप्रमाणे, वधस्तंभावरील रक्ताने देवाने सर्व गोष्टींशी समेट साधला. 'सर्व' या शब्दाचे भाषांतर करणे सोपे आहे. त्याप्रमाणे वागणे कठीण. योनाचा प्रश्न अजून उत्तराची वाट पाहत आहे.

प्रार्थना : हे दयाळू बापा, आम्ही आमच्या सावलीसाठी रडलो आणि तुझ्या लेकरांची फांदी तोडली. आम्हांला क्षमा कर. दिवसाचे व रात्रीचे, उपयोगाचे व निरुपयोगी मानलेले, तुझ्या वहीतील सर्व जीव ओळखण्यास आमचे डोळे उघड. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.