शिकवणाऱ्याचा वेळ कोणाच्या खात्यावर?

‘आता शिकत राहणं ही ज्याची त्याची जबाबदारी’ हे वाक्य हल्ली उद्योगांच्या व्यासपीठांवरून इतक्या खात्रीनं उच्चारलं जातं, की त्याला कोणी हटकत नाही. तंत्र बदलतंय, तर कामगारानं पाळी संपल्यावर मोबाइल उघडावा, अभ्यासक्रम पुरा करावा, प्रमाणपत्र दाखवावं. मला हे साफ नामंजूर आहे. कामाचं ज्ञान एकेकट्या डोक्यात साठतं, हे यामागचं गृहीतकच खोटं आहे.

ते किती खोटं आहे, हे ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञानं झेरॉक्सच्या दुरुस्ती-तंत्रज्ञांबरोबर राहून दाखवलं. त्याचं ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ १९९६मध्ये आलं. कंपनीनं तंत्रज्ञांच्या हाती पुस्तिका दिल्या होत्या: अमुक कोड दिसला की तमुक चाचणी, मग तमुक भाग बदला. यंत्रं मात्र पुस्तिकेप्रमाणे बिघडत नसत. ती कुठे ठेवली आहेत, कोण कशी वापरतं, किती जुनी झाली आहेत, यावर बिघाड ठरे. मग हे लोक जेवायला एकत्र बसत आणि यंत्रांच्या गोष्टी सांगत. एखादं यंत्र अगदीच दाद देईना, तेव्हा दोघं त्याच्यासमोर उभे राहून जुने बिघाड आठवत, एखादा लागू पडेपर्यंत. हिशेबनिसाला ज्या गप्पा वाटल्या असत्या, त्यातच दुरुस्ती चालली होती. पुढे झेरॉक्सनं अशा युक्त्या ‘युरेका’ नावाच्या संगणकीय साठ्यात जमवल्या. त्या सहकारी तपासत आणि प्रत्येकीवर ती सुचवणाऱ्याचं नाव असे. कारागिराचा मान राखला, म्हणून कारागीर सांगत गेला.

आता चाकण-भोसरीत या. सीएनसी यंत्रावर जॉब लावणारा ऑपरेटर यंत्र जुळवून देणाऱ्या सेटरच्या शेजारी उभा राहून टूल आणि ऑफसेट जुळवायला शिकतो. पण हा पोरगा ठेकेदाराच्या हजेरीवर, कायद्यात सलग नोकरी धरायला लागणारे २४० दिवस भरण्याआधी ब्रेक घेऊन जाणारा. सेटरनं त्याच्यात जीव का ओतावा? आणि सेटरही कंत्राटी असेल, तर शिकवणं म्हणजे स्वतःच्या जागी स्वस्त माणूस उभा करणं. कचेऱ्यांतही तेच घडतंय. नवख्यानं कच्चा मसुदा करायचा, आकडे पडताळायचे, वरिष्ठानं तांबड्या शाईनं तो सोलून काढायचा. ते प्राथमिक काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे चाललंय. वरिष्ठ तयार आहेत, पण उद्याचा वरिष्ठ घडायचा कुठे?

इथवर लिहिल्यावर एक आक्षेप मला अडवतो, आणि तो झटकता येत नाही. जुन्या कामाच्या जागी शेजारी उभं राहण्याचा हक्क होता कुणाला? मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याची मजुरी चांगली. पण धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, म्हणून तिथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. कामगार भरती करणारा मुकादम, म्हणजे जॉबर, आपल्या गावचे, आपल्या नात्यातले लोक भरी. म्हणजे उस्तादाच्या हाताखालचं शिक्षण जातीच्या कुंपणातलं होतं. आयटीआयच्या प्रमाणपत्रानं ते कुंपण थोडं तरी मोडलं. त्यामुळे प्रमाणपत्राची हेटाळणी मी करणार नाही. ते दारापर्यंत आणतं. दाराआत कोणी हात धरतं का, हा माझा प्रश्न.

दाराआत आलेल्या शिकणाऱ्याला काय मानायचं, याचं कायद्याचं उत्तर १९६१च्या अप्रेंटिस कायद्यापासून ठरलेलं आहे: अप्रेंटिस हा शिकाऊ, कामगार नव्हे. महाराष्ट्रानं २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. शिक्षणाप्रमाणे महिना ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने, पुढे वाढवलेली. मुदत संपल्यावर कायम करा म्हणत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले, तेव्हा अनेकांना ते आगाऊ वाटले. मला नाही वाटले. कचेरीचं काम त्यांनी उचललं होतं. त्यांना ते कोणी शिकवलं, हे कुणी विचारलं नाही.

विद्यावेतनाची तरतूद सरकारी अंदाजपत्रकात दिसते. शिकवणाऱ्या कारकुनाच्या, सेटरच्या, परिचारिकेच्या तासांची तरतूद कुठेच दिसत नाही. कामगार संघटनांनी पुढच्या वेतनकरारात ते तास पगारी काम म्हणून लिहून घ्यावेत आणि शिकवणाऱ्याची नोकरी त्यामुळे जाणार नाही, हे कलमही त्यालाच जोडून घ्यावं.